फायलीले कस्टम लागते काय जी? डिजिटल व्यापाराचे जागतिक नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या सेवा केंद्रावर सातबारा, पीक विमा आणि फार्मर आयडीची रांग रोजचीच. गेल्या दोन-तीन वर्षांत त्या रांगेत वेगळीही मंडळी दिसू लागली आहे. खादीचे स्टोल परदेशी पाठवणाऱ्या बचत गटाच्या बाया, घरी बसून बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी नक्षी काढून देणारी एक पोरगी, हिंगणघाटच्या कॉलेजातून बी.कॉम. होऊन युरोपातल्या दुकानांचे हिशेब लिहिणारे दोघं जण. ते फॉर्म भरायला येतात आणि जाता जाता असं काही विचारतात की माझी संध्याकाळ त्यातच जाते. मी वकील नाही, केंद्रचालक आहे. वाचून, विचारून जे पक्कं समजलं तेवढं इथं लिहिलं आहे. प्रश्न ज्या बोलीत आले त्याच बोलीत ठेवले आहेत.

डिजिटल व्यापार म्हंजे ऑनलाइन खरेदीच ना जी?

तेवढंच नाही. नक्षी काढणाऱ्या त्या पोरीचंच घ्या. पळस फुलतो तेव्हा तिनं त्या फुलांवरून एक नक्षी काढली. बचत गटानं ती स्टोलवर छापली आणि स्टोल पोस्टानं जर्मनीला गेला, तर तो माल. तीच नक्षी तिनं ई-मेलनं पाठवली आणि तिकडच्या बाईनं तिकडच्याच कापडावर छापून घेतली, तर या पोरीनं नेमकं काय विकलं यावर जगाचं एकमत नाही. तिकडच्या कंपनीनं तिला तासाच्या हिशेबानं कामाला लावलं, तर ती सेवा. आणि या सगळ्या व्यवहारांत त्या बाईचं नाव, पत्ता, आवडता रंग, पैसे भरल्याचा तपशील जमा होत गेला, तो डेटा. एकच पळसाचं फूल, पण चार दारांनी बाहेर पडतं. प्रत्येक दाराचा नियम निराळा, आणि दोन दारांना तर अजून चौकटच बसलेली नाही.

फायलीले कस्टम लागते काय?

आजवर लागलेलं नाही. स्टोलला लागतं, फायलीला नाही.

मे १९९८ मध्ये जिनेव्हाच्या मंत्रिपरिषदेत, म्हणजे व्यापारमंत्र्यांच्या बैठकीत, जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी ठरवलं की 'इलेक्ट्रॉनिक प्रेषणा'वर, म्हणजे ढोबळपणे इंटरनेटवरून पाठवलेल्या फायलींवर, तूर्त सीमाशुल्क लावायचं नाही. तेव्हा ही तात्पुरती सोय होती. पण पाडव्याला सालगड्याचं साल नव्यानं बोललं जातं तशी ती दर परिषदेला पुन्हा बोलली गेली आणि पंचवीस वर्षं चालली. २०२४ मध्ये अबुधाबीत मात्र तारीख घालून घेतली: पुढची मंत्रिपरिषद किंवा ३१ मार्च २०२६, जे आधी येईल ते.

भारत आणि दक्षिण आफ्रिका या सवलतीवर वर्षानुवर्षं आक्षेप घेत आले. त्यांचं म्हणणं साधं आहे. पूर्वी पुस्तक, कॅसेट, सिनेमाची रिळं, सॉफ्टवेअरची सीडी बंदरातून यायची आणि शुल्क भरायची. आता तेच तारेतून येतं आणि फुकट येतं. उद्या थ्रीडी छपाईनं यंत्राचे सुटे भागही फायलीतून यायला लागले तर गरीब देशांनी कर कशावर बसवायचा? संयुक्त राष्ट्रांच्या अंकटाड या संस्थेच्या २०१९ च्या एका शोधनिबंधात हे नुकसान वर्षाला १० अब्ज डॉलरहून जास्त असल्याचा अंदाज होता, आणि त्याचा बहुतेक भार विकसनशील देशांवर. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेचे अभ्यासक हा आकडा मानत नाहीत. ते म्हणतात नुकसान बरंच कमी आहे, आणि शुल्क लावलं तर तुमच्याच छोट्या विक्रेत्यांना साधनं महाग पडतील.

दोन गोष्टी मात्र बातम्यांत सुटून जातात. पहिली: ही सवलत दिली ती फक्त सीमाशुल्कापुरती, देशातल्या करापुरती नाही. परदेशी कंपनीकडून ऑनलाइन घेतलेल्या सेवेवर भारत २०१७ पासून जीएसटी घेतोच. तुमच्या मोबाइलवरच्या विदेशी ॲपच्या बिलात तो असतो, बघा. दुसरी: 'इलेक्ट्रॉनिक प्रेषण' म्हणजे नुसतं वाहून नेणं की आतला मजकूरही, याची सर्वांनी मान्य केलेली व्याख्याच नाही. इंडोनेशियानं तर २०१८ मध्ये आपल्या शुल्काच्या यादीत डिजिटल मालासाठी वेगळं प्रकरण उघडलं आणि दर ठेवला शून्य. खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं.

माल का सेवा, एवढं ठरवाले काय लागते?

वरवर शब्दांचा खेळ वाटतो, पण खाली पैसा आहे. मालाच्या व्यापाराचा जुना करार १९४७ चा. सेवांचा करार १९९५ पासून लागू झाला. मालाच्या करारात परदेशी माल एकदा शुल्क भरून आत आला की त्याच्याशी दुजाभाव करायचा नाही, हा सरसकट नियम. सेवांच्या करारात मात्र ज्या देशानं ज्या सेवेचं दार जेवढं उघडतो म्हणून लिहून दिलं, तेवढंच बांधील. म्हणजे आपल्या पोरीची फाईल माल ठरली तर तिला हक्क जास्त, सेवा ठरली तर समोरच्या देशाच्या मर्जीवर.

आणि कोणत्या सेवेचं दार उघडतो ती यादी देशांनी लिहिली तेव्हा इंटरनेट रांगत होतं. त्यातून अँटिग्वा नावाच्या चिमुकल्या बेटाची गंमत झाली. त्या देशाची लोकसंख्या एक लाखाच्या आसपास. तिथल्या कंपन्या अमेरिकेतल्या लोकांना ऑनलाइन जुगार पुरवायच्या. अमेरिकेनं ते बंद पाडलं. अँटिग्वा २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे गेला आणि मुख्य मुद्द्यावर जिंकला, कारण अमेरिकेनं आपल्या यादीत 'करमणुकीच्या इतर सेवा' खुल्या करून ठेवल्या होत्या आणि त्यात जुगार येतो हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. २००७ मध्ये लवादानं अँटिग्वाला वर्षाला २ कोटी १० लाख डॉलरपर्यंतची वसुली अमेरिकेच्या कॉपीराइटसारख्या हक्कांवर काढायची मुभा दिली. एवढुसा देश ती वसुली करणार कशी? जुगाराची बाजू मी घेत नाही. पण जुन्या चौकटीत नवा धंदा कोंबला की निकाल कसा वेडावाकडा लागतो, ते यात दिसतं.

सगळे देश एकत्र बसून एकदाचं ठरवून काहून टाकत नाही?

बसले होते. अजूनही बसतात.

जागतिक व्यापार संघटनेचे १६६ सदस्य आहेत आणि निर्णय सर्वसंमतीनं होतो. एकानं जरी हात वर केला तरी गाडं अडतं. आमच्या ग्रामसभेत कोरम भरता भरत नाही, तिथं हे १६६ जणांचं एकमत. म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये ब्यूनस आयर्सला ७१ सदस्यांनी ठरवलं की आपण इच्छुकांनीच वेगळं बोलू. जानेवारी २०१९ मध्ये दावोसला रीतसर वाटाघाटी सुरू झाल्या. ऑस्ट्रेलिया, जपान आणि सिंगापूर यांनी सूत्रं धरली. २६ जुलै २०२४ ला मसुदा बाहेर आला.

त्यात काय आहे ते बघण्यासारखं आहे: इलेक्ट्रॉनिक सही आणि करार यांना मान्यता, कागदाविना सीमाशुल्काची कामं, ई-बिल, ऑनलाइन ग्राहकाचं संरक्षण, नको असलेल्या जाहिरातींच्या संदेशांना आळा, वैयक्तिक माहितीसाठी कायदा असावा एवढं बंधन, आणि फायलींवर सीमाशुल्क न लावण्याचं वचन.

त्यात काय नाही, ते जास्त बोलकं आहे. डेटा देशाबाहेर मोकळा जाऊ द्यावा का, सर्व्हर देशातच ठेवायची सक्ती करता येईल का, आणि कंपनीकडून सोर्स कोड (सॉफ्टवेअरची आतली मूळ लिखावट) मागता येईल का, हे तिन्ही मोठे वाद बाजूला काढून ठेवले. ते ठेवले म्हणूनच बाकीचं जमलं.

भारत त्या बैठकीत काहून नाही?

भारताची दोन कारणं आहेत, एक रीतीचं आणि एक पोटाचं.

रीतीचं असं: काही देशांनी मिळून केलेला करार संघटनेच्या नियमपुस्तकात जोडायचा तर १९९४ च्या मराकेश कराराप्रमाणे सगळ्यांची संमती लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं लेखी आक्षेप नोंदवला की अशा गटवार वाटाघाटींची प्रथा पाडली तर सर्वसंमतीला अर्थच राहत नाही. आज डिजिटल, उद्या शेती. ज्यांना नको त्यांना वगळून बाकीचे पुढं गेले तर उद्या सरकारी धान्यसाठ्याच्या प्रश्नावर आपला आवाज कोण ऐकणार? कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला ही भीती खोटी वाटत नाही.

पोटाचं असं: भारताला वाटतं की आपला डिजिटल धंदा अजून वाढता आहे, आताच हात बांधून घेतले तर मोठ्या परदेशी कंपन्यांपुढं आपली पोरं उभीच राहणार नाहीत. जून २०१९ मध्ये ओसाकाच्या जी-२० परिषदेत जपाननं 'विश्वासासह डेटाचा मुक्त प्रवाह' असं नाव देऊन पुढाकार घेतला, तेव्हाही भारतानं सही केली नाही.

मंग तुमाले काय वाटते, भारताचं बरोबर हाय का चूक?

हा प्रश्न हमखास येतो, चहा सांगितल्यावर.

डेटा आणि सोर्स कोडवर घाई केली नाही हे बरं केलं. ते हक्क एकदा लिहून दिले की परत मिळत नाहीत. पण त्या मोठ्या भांडणाच्या मागं बारीकसारीक, कंटाळवाणे नियमही लटकले, याचा मला राग येतो. आमच्या बचत गटाला डेटाचा सार्वभौम हक्क अडवत नाही. त्यांना अडवतं ते असं: इथं डिजिटल सही केलेलं बिल तिकडचा खरेदीदार मानत नाही, छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून मागतो. २०२४ च्या मसुद्यातला निम्मा भाग नेमका यावर आहे आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी भारताचा कायदा आधीच मानतो. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा आहे आणि तो संयुक्त राष्ट्रांच्या अनसिट्रल आयोगानं १९९६ मध्ये केलेल्या नमुना कायद्यावर बेतलेला आहे. घरात जे पाळतो ते चावडीवर कबूल करायला काय हरकत?

यावर हिशेब लिहिणाऱ्या दोघांपैकी एकाचं उत्तर आहे: "भाऊ, आज सहीपुरतं बसलो तर उद्या त्याच खुर्चीवरून डेटाचं मागतील." त्याचंही खोटं नाही.

अमेरिका तरी एका शब्दावर असंल?

नाही. डेटा मोकळा सोडा, असं सगळ्यात मोठ्यानं अमेरिकाच म्हणायची. २०१९ च्या जपानसोबतच्या आणि २०२० मध्ये लागू झालेल्या मेक्सिको-कॅनडासोबतच्या करारांत तिनं ते लिहूनही घेतलं. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिनं जागतिक व्यापार संघटनेच्या वाटाघाटींतला आपलाच तो प्रस्ताव मागं घेतला, कारण स्वतःच्या मोठ्या कंपन्यांवर कायदे करायला आपल्यालाही मोकळीक हवी, हे तिला कळलं. २०२४ च्या मसुद्यालाही तिनं होकार दिला नाही.

डेटावरून येवढं काय भांडण हाय?

डेटा मालासारखा नसतो. संत्र्याचा ट्रक वरूडहून बांगलादेशाला निघाला की तो इथं नसतो. तिकडे आयात शुल्क वाढलं की ट्रक थांबतो आणि बागेत फळ सडतं, हे आपण पाहिलं आहे. डेटा मात्र एकाच वेळी इथंही असतो, तिथंही असतो, आणि त्याला नाका नसतो. त्यामुळं प्रत्येकानं आपापल्या स्वभावाप्रमाणं कुंपण घातलं. युरोपात माणसाची खासगी माहिती हा मूलभूत हक्क आहे. २०१८ पासून लागू झालेल्या त्यांच्या जीडीपीआर कायद्यात जगभरातल्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड आहे. चीनला राज्याची सुरक्षा आधी, म्हणून तिथल्या महत्त्वाच्या डेटाला बाहेर जायला सरकारी तपासणी. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात उलट रीत आहे: सरकार ज्या देशांवर बंदी घालेल ते सोडून बाकीकडे माहिती जाऊ शकते. पण पैशाच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवा, असं रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्येच सांगून ठेवलं आहे.

आता हे हिंगणघाटच्या पोरांना कुठं लागतं? माहिती नीट सांभाळतात असं युरोपचं प्रमाणपत्र असलेल्या देशांत भारत नाही. म्हणून तिकडचं दुकान यांना हिशेब देताना ठरावीक करारकलमांचा जाडजूड कागद पाठवतं: माहिती कुठं ठेवाल, कोण बघेल, फुटली तर किती तासांत सांगाल. पहिल्यांदा तो आला तेव्हा दोघांनी न वाचता सही केली. दुसऱ्यांदा माझ्याकडे आणला. एका खोलीत, एका लॅपटॉपवर, घरचे सगळे तोच वापरतात, आणि कागदात लिहिलंय की प्रवेश मर्यादित ठेवू. आता लॅपटॉपला वेगळा पासवर्ड आहे आणि धाकटा भाऊ रुसला आहे.

माह्या वावराची माहिती विदेशात जाते काय?

फार्मर आयडी काढताना आणि ई-पीक पाहणी करताना तुमची जमीन, पीक, मोबाइल नंबर सरकारी यंत्रणेत जातो. तो भारताच्या कायद्याखाली आहे. तुम्ही स्वतःहून एखाद्या खासगी फवारणी-सल्ल्याच्या ॲपला दिलेली माहिती कुठं साठवली जाते, ते त्या ॲपच्या अटींत असतं. त्या कोणीच वाचत नाही, मीही नाही.

पण जागतिक नियमांशी याचा खरा संबंध सोर्स कोडमधून येतो. काही व्यापार करारांत कलम असतं की बाजारात येऊ देण्याच्या अटीवर सरकारनं परदेशी कंपनीकडं सोर्स कोड मागू नये. ब्रिटनसोबत २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या करारातही या विषयावर कलम आहे. सोर्स कोड म्हणजे यंत्राच्या आतली पाककृती. उद्या ट्रॅक्टर, पंप, फवारणीचा ड्रोन सॉफ्टवेअरवर चालला आणि बिघडला, तर गावातला मिस्त्री तो उघडू शकेल का, किंवा कर्ज नाकारणाऱ्या संगणकाचा हिशेब सरकार तपासू शकेल का, हे अशा कलमांतल्या अपवादांवर ठरतं. म्हणून अपवाद वाचावेत. कलमाचं शीर्षक वाचून काही कळत नाही.

पत्रासाठी सगळ्या जगाचं जमलं, मंग याच्यासाठी काहून नाही?

चांगला प्रश्न, आणि विचारला पोस्टमननं. १८७४ मध्ये बर्नला २२ देशांनी टपालाचा करार केला, दोन वर्षांत भारतही आला. पण पत्राच्या आत काय आहे यात तेव्हा कोणाला रस नव्हता. इथं भांडण आतल्या मजकुराचंच आहे. शिवाय पोस्टाचंही सगळं सुखानं चाललंय असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी सगळ्या देशांसाठी काढून टाकली. शुल्क कोणी, कुठं गोळा करायचं हेच ठरलं नव्हतं, म्हणून आपल्या डाक खात्यानं तिकडची पार्सलं ऑक्टोबरपर्यंत थांबवली. बचत गटाचे अकरा स्टोल तेवढे दिवस माझ्याच कपाटात होते. नक्षीची फाईल त्याच आठवड्यात मेलनं अमेरिकेला पोचली.

नियम नसले तर बिघडते काय? आपला कापूस काय नियमानं गेला होता?

गेला होता, काका. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात नावानिशी ओळखला जायचा. तिथल्या दलालांनी १८४१ मध्ये संघटना काढली, प्रत आणि वाद मिटवायचे नियम लिहिले, आणि तिची वारस असलेली संघटना आजही लिव्हरपूलमध्येच आहे. जगातल्या कापसाचे बहुतेक आंतरराष्ट्रीय सौदे अजून तिच्या नियमांनी होतात. ते नियम लिहिताना हिंगणघाटच्या कास्तकाराला कोणी विचारलं नव्हतं. नियम लिहिले जातातच. सरकारांनी नाही लिहिले तर दलाल लिहितात. आजचे दलाल म्हणजे ॲपवाले.

गिऱ्हाइकानं फसवलं तर तक्रार कुठी करावं?

हे मी स्वतः भोगलं आहे. गटाच्या वतीनं मीच एका विदेशी विक्री-संकेतस्थळावर खातं उघडलं होतं. एका खरेदीदारानं स्टोल मिळालाच नाही म्हणून कळवलं. पोस्टाच्या नोंदीत पोच होती, मी ती पाठवली. संकेतस्थळानं दोन ओळींचं उत्तर देऊन त्याचे पैसे आमच्या खात्यातून परत केले. अटी काढून वाचल्या, तर वाद झाल्यास न्यायालय त्यांच्या देशातलं. तीन हजारांच्या स्टोलसाठी कोण जाणार समुद्रापार? आपला ग्राहक कायदा खरेदीदाराला सांभाळतो, छोट्या विक्रेत्याला नाही, आणि सीमेपलीकडचे असे बारके वाद झटपट मिटवणारी सगळ्या देशांची एकच व्यवस्था नाही. मोठ्या देशांच्या वादांचं तरी काय? जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण अमेरिकेनं नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्या.

तोवर एवढं करा: पार्सल नोंदणी केल्याशिवाय पाठवू नका, पोचपावतीचा फोटो ठेवा, खात्यात शिल्लक साचू देऊ नका.

गूगल टॅक्स गेला म्हणते, खरं हाय का?

खरं आहे. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवरचा ६ टक्के कर २०१६ मध्ये आला, २०२० मध्ये परदेशी ई-कॉमर्सवर २ टक्क्यांचा दुसरा जोडला. दुसरा ऑगस्ट २०२४ मध्ये आणि पहिला एप्रिल २०२५ मध्ये काढला. मधल्या काळात अमेरिकेनं चौकशी लावून शुल्काचा धाक दाखवला होता.

दोन-दोन देश आपसात करार करतातच ना, मंग सगळ्यांचा कायले पायजे?

करतात. भारताचा संयुक्त अरब अमिरातीसोबतचा करार मे २०२२ पासून लागू आहे आणि त्यात डिजिटल व्यापाराचं वेगळं प्रकरण आहे, भाषा मात्र बरीचशी 'प्रयत्न करू' अशी. सिंगापूर, न्यूझीलंड, चिली यांनी २०२० मध्ये आपला वेगळा डिजिटल करार केला. मोठ्या कंपनीला दहा करार सांभाळायला दहा वकील ठेवता येतात. आमच्या गटाला दुबईसाठी एक कागद, लंडनसाठी दुसरा, बर्लिनसाठी तिसरा, आणि तिन्ही भरणारा मी एकटा.

आमाले आजच्या घडीले काय काय काढून ठेवावं लागते?

माल पाठवायचा तर आयात-निर्यात कोड हवा. ऑनलाइन निघतो, सरकारी शुल्क ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती तपासून नक्की करावी लागते, काही बदललं नसलं तरी. नाहीतर कोड बंद पडतो, आणि हे पाचांपैकी तीन जण विसरतात. नुसती सेवा किंवा फाईल पाठवणाऱ्यांना साधारणपणे हा कोड सक्तीचा नाही. पार्सलसाठी जवळचं डाकघर निर्यात केंद्र गाठा, निर्यातीचं बिल तिथं ऑनलाइन भरलं जातं. जीएसटी नोंदणी असेल तर कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्यानं द्यायचं. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा कागद मागून घ्या आणि बिलावर नीट लिहा, 'नक्षीची डिजिटल फाईल' की 'नक्षीकामाची सेवा'.

त्या पोरीनं मागच्या बिलावर दोन्ही लिहिलं होतं. मी एक खोडायला लावलं. कोणतं, ते तिच्या सीएनं ठरवलं.